चोरीचा छडा लावा, चोर घडवू नका

पहाटे मोटार सुरू करायला गेलेल्या माणसाला विहिरीवरची केबल कापलेली दिसते. सात वाजेपर्यंत बातमी पारावर येते आणि आठच्या चहाला एक नाव तयार असतं. किती मीटर केबल गेली हे तोवर कुणी मोजलेलं नसतं, कापलेलं टोक कुणी नीट पाहिलेलं नसतं. बहुतेक गावांत हे नाव दोन-तीन घरांपलीकडे जात नाही. वस्तीवरचं एखादं भिल्लाचं घर, गावाबाहेर पाल टाकलेलं पारधी कुटुंब, नाहीतर आठवीत असताना कुणाचा तरी मोबाइल उचललेला पोरगा. "तो तसाच शे" (तो तसाच आहे), एवढ्यावर निकाल लागतो.

पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्ती समितीचे सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्या हातात अशा वेळी पुष्कळ काही असतं. 'चोर' हा शिक्का हळूहळू बसतो असं आपण म्हणतो, पण तो ठरावीक क्षणी बसतो: नाव घेतलं जातं तेव्हा, चारचौघांत पकडलं जातं तेव्हा, कागदावर लिहिलं जातं तेव्हा आणि माणूस परत येतो तेव्हा. त्या त्या क्षणी काय करायचं, ते इथे दिलं आहे.

शिक्का बसतो कसा

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, उदाहरण घ्या. आखाजीला खानदेशात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. पैसेही लागतात. मळेवाल्याच्या ओट्यावर बसलेल्या डावाला आपण सण म्हणतो. तोच डाव वस्तीच्या कडेला बाभळीखाली बसला की बसणारे जुगारी होतात. पत्ते तेच, पैसे बहुधा कमीच. मोहाच्या फुलांचंही तसंच. सातपुड्यात मोहाची दारू पाहुणचारात आणि देवाच्या कामात लागत आली आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा झालं. गाळणारी माणसं आदल्या दिवशी होती तशीच दुसऱ्या दिवशीही होती, बदललं ते त्यांच्याकडे पाहणाऱ्याचं माप. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच मांडलं: नियम करणारे आणि तो लागू करणारे एखाद्यावर जे नाव चिकटवतात, त्यातून 'बिघडलेला' माणूस तयार होतो.

त्याआधी १९५१ मध्ये एडविन लेमर्टने केलेला भेद गावच्या कामाला जास्त उपयोगी आहे. पहिली चूक आणि दुसरी चूक यांची कारणं वेगळी असतात. पहिली चूक भूक, मस्ती, संगत, संधी अशा कशानेही होते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच संपते. नाव पडल्यानंतरची चूक त्या नावातून येते. गावात ही साखळी अशी चालते. नाव पडलं की आखाजीला सालदारकी, म्हणजे वर्षभराची शेतमजुरी, ठरत नाही. कापूस वेचायच्या टोळीत मुकादम घेत नाही. दुकानदार उधारी बंद करतो, पोरीची सोयरीक मोडते. उठण्याबसण्याला उरतात ते ज्यांना या नावाची अडचण नाही असेच लोक, आणि त्यांच्याजवळ जे काम असतं ते चोरीचंच असतं. वर्षभराने तो खरोखर सापडतो आणि गाव म्हणतं, "बघा, आम्ही म्हणत होतो." मधल्या वर्षात गावाने काय केलं, हे कुणी विचारत नाही.

याचं दुसरं नुकसान साधं आहे, आणि शेतकऱ्याला ते लगेच पटतं. नाव आधी ठरलं की खरा चोर सुटतो. केबल, ठिबकच्या नळ्या, मोटारी यांची चोरी पुष्कळदा गाडी घेऊन येणाऱ्या टोळ्या करतात. आपण वस्तीवर झडती घेत बसतो तोवर माल तालुका ओलांडून गेलेला असतो.

पहिला दिवस: माणसामागे नको, मालामागे जा

एक साधी वही ठेवा. प्रत्येक घटनेला एक पान, पानावर तीन उभे रकाने: 'पाहिलं', 'ऐकलं', 'वाटतं'. सांगणाऱ्याचं प्रत्येक वाक्य यांपैकी एकाच रकान्यात जातं. "रात्री दोनला पिकअप नाल्याकडून गेली, दिवे बंद होते" हे पहिल्यात. "तो परवा विहिरीकडे फिरत होता असं म्हणतात" हे दुसऱ्यात. "त्याच्याशिवाय कोण करणार" हे तिसऱ्यात. लिहून झालं की सांगणाऱ्याला वाचून दाखवा. आपलं बोलणं तिसऱ्या रकान्यात पडलेलं ऐकून माणूस स्वतःच मागे सरतो. कुणाचाही अपमान न करता हे होतं, म्हणून ही वही उपयोगाची.

नावाआधी हे लिहा: केबल किती मीटर, किती कोअरची, कोणत्या कंपनीची, मोटार असेल तर अश्वशक्ती आणि पाटीवरचा नंबर, शेवटची केव्हा पाहिली, टोक कुऱ्हाडीने तोडलंय की कटरने सरळ कापलंय, चाकाच्या खुणा दुचाकीच्या की चारचाकीच्या. तांब्याची केबल विकायची तर वरचं प्लास्टिक बहुधा जाळून काढतात. त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या टापूत नाले, पडीक गोठे आणि बंद खदानी पाहा; काळी राख आणि जळक्या प्लास्टिकचा वास सापडला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवा. भंगाराच्या दुकानांची चौकशी पोलिसांनाच करू द्या.

फिर्याद देताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. "संशय कुणावर?" असं विचारलं की फिर्यादीला वाटतं नाव द्यावंच लागेल. तसं नाही. 'अज्ञात इसमाविरुद्ध' गुन्हा नोंदवता येतो आणि पुरावा नसेल तेव्हा तेच बरोबर आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ती राहून गेली की तक्रार अडकते आणि गावात पुन्हा 'आपणच बघून घेऊ' सुरू होतं.

चौकशी करायचीच असेल तर ओळीने सगळ्या घरांना करा आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारा: "परवा रात्री काही आवाज, गाडी, उजेड दिसला का?" गल्लीच्या टोकापासून सुरुवात करा. फक्त एका दारात गेलात तर प्रश्न कितीही गोड असला तरी गावाला त्याचा अर्थ कळतो. आणि देवळात शपथ घ्यायला लावणं, तेलात हात घालायला लावणं, भगताकडून नाव काढणं यांतलं काहीच करू देऊ नका. यातून निघतो तो फक्त गावातला सगळ्यात दुबळा माणूस.

अनोळखी माणूस आणि मोबाइलवरचा निरोप

१ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारलं. भटक्या माणसाबद्दल 'हे असेच' हे आधीपासून मनात होतं, म्हणून त्या निरोपावर कुणी प्रश्न विचारला नाही. हे खानदेशात घडलं आहे, म्हणून या मुद्द्यावर पुरेशी तयारी हवी.

निरोप आला की पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे ग्रुप चालवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावं. अनोळखी माणसाचा फोटो किंवा गाडीचा नंबर ग्रुपवर आला तर लगेच काढा आणि पोलीस ठाण्याशी बोलून एकच निरोप टाका: "चौकशी केली, घाबरण्याचं कारण नाही." तोवर ग्रुप फक्त ग्रुपचालकालाच लिहिता येईल असा करून ठेवा. ११२ ला फोन करा. गर्दी जमू लागली असेल तर त्या माणसांना चौकात ठेवू नका, एका खोलीत कोंडूनही ठेवू नका; गर्दीपुढे दार टिकत नाही. गावातल्या चार वजनदार माणसांनी, त्यांत दोन बाया असाव्यात, त्यांना मधोमध घेऊन गाडीत बसवावं आणि ठाण्यात न्यावं. गर्दीला "हे चोर नाहीत" असं पटवत बसू नका, तो वाद जिंकायला वेळ नसतो. "यांना पोलिसांकडे नेतोय, तुमच्यातले दोघं सोबत चला" म्हणा. सोबत यायला सांगितलं की जोर ओसरतो.

पण खरं काम त्याआधीचं. भटकं कुटुंब गावाबाहेर उतरलं की पोलीस पाटलाने स्वतः जाऊन भेटावं, कुठून आले, किती दिवस राहणार विचारावं, आणि त्यांची संमती घेऊन गावाला सांगावं: "अमुक गावचे लोक आलेत, आठवडाभर आहेत." ही ओळख झाली. यात एक धोका आहे, तो लक्षात ठेवा. फक्त भटक्यांचीच नावं लिहिणारं वेगळं रजिस्टर काढलंत तर ती इंग्रजांच्या काळातल्या सक्तीच्या हजेरीची पुनरावृत्ती होते. नोंद ठेवायची तर बाहेरून येणाऱ्या सगळ्यांची ठेवा, केळीच्या कटाईला आलेल्या मजुरांची आणि फेरीवाल्यांचीसुद्धा.

त्या हजेरीबद्दल थोडं

१८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. गुन्हा केलेला असण्याची गरजच नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा गेला तरी त्याने शिकवलेली नजर ठाण्यात आणि पारावर राहिली.

याच खानदेशात याच्या उलटही घडलं आहे. १८१८ नंतर इंग्रजांच्या कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, एवढंच लिहिलेलं होतं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी त्याच भिल्लांची पलटण उभी केली. पगार, गणवेश आणि जबाबदारी मिळाली तशी तीच माणसं बंदोबस्त राखू लागली. इंग्रजांचा त्यातला स्वार्थ उघड आहे, तरी शिक्का बदलला की वागणं बदलतं याचा याहून जवळचा दाखला आपल्याला नाही.

आज वस्तीवर रात्री पोलिसांची गाडी आली तर घरच्यांना माहीत असाव्यात अशा काही गोष्टी. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांना साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर त्यांच्या घरीच विचारावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते, हजर राहण्याची नोटीस देता येते. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायालयापुढे नेलं पाहिजे. अटकेत असलेल्याला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि फोन १५१०० आहे. वंचित समाजातल्या निरपराध माणसांची नावं ठाण्याच्या जुन्या याद्यांत यांत्रिकपणे चढवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ठाण्यात हे नम्रपणे पण नाव घेऊन सांगा.

पोरगं सापडलं तर

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण शिक्का बहुतेक वेळा बारा ते सोळा या वयात बसतो.

शाळेत काही गेलं आणि मुलगा सापडला, तर प्रार्थनेच्या रांगेत उभं करू नका, वर्गापुढे दप्तर उपडं करू नका. एका खोलीत चौघं बसा: मुलगा, त्याचं घरचं माणूस, ज्याचं गेलं तो किंवा त्याचे पालक, आणि एक शिक्षक. मुलाने काय केलं ते त्यानेच सांगायचं. ज्याचं गेलं त्याने आपलं काय नुकसान झालं ते सांगायचं. हा भाग घाईने उरकू नका, मुलाला पोचतो तो हाच. वस्तू परत, किंवा तिची किंमत हप्त्यांनी कशी द्यायची ते ठरवा, तारीख घाला. आणि शेवटी शिक्षकाने मोठ्याने म्हणायचं: "हे इथे मिटलं." हे वाक्य राहिलं तर बैठक अर्धीच होते. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये दोन प्रकारच्या लाजा वेगळ्या काढल्या: कृत्याला नावं ठेवून माणसाला परत घेणारी, आणि माणसालाच बाहेर काढणारी. दुसरी गुन्हे वाढवते.

बोलण्यातही तोच फरक ठेवा. "तू चोरी केलीस" हे खरं आहे आणि ते संपू शकतं. "तू चोर आहेस" याला शेवट नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. जुन्या एका घटनेवरून तिथे वाईट शेरा मारलात तर तो पुढच्या प्रत्येक शाळेत आणि नोकरीत त्याच्या आधी पोचतो.

प्रकरण पोलिसांत गेलं तर १८ वर्षांखालच्या मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत बोलतात. वेगळा अधिकारी आला तर त्यांना बोलवायला सांगा. मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावचा मोबाइल ग्रुपही यात येतो. 'गावातल्या अमक्याच्या मुलाला पकडलं' असं नाव गाळून लिहिलं तरी ओळख पटतेच. प्रकरण संपल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. पुढे नोकरीच्या वेळी कुणी अडवलं तर याच कायद्याचं कलम ७४ दाखवा. मुलांसाठीचा फोन १०९८.

एक हद्द मात्र पक्की. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण चौघांच्या बैठकीत मिटवायचं नाही. मूल पीडित असेल तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि दडवणं गुन्हा. जातीवरून झालेल्या अत्याचाराचंही तसंच. शिक्का टाळायचा याचा अर्थ गुन्हा झाकायचा असा नाही.

डाकीण

सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारच्या डोंगराळ गावांत, हा शिक्का बाईच्या जिवावर उठतो. बहुधा एकटी, विधवा, जमिनीचा तुकडा असलेली बाई. एखाद्या घरात आजारपण हटत नाही, गुरं मरतात, आणि भगत तिचं नाव घेतो. इथे नुसतं "ही अंधश्रद्धा आहे" म्हणून भागत नाही. आजाराचं कारण हातात द्यावं लागतं. एकाच घरात मुलं वारंवार फिकट पडतात, सांधे दुखतात, ताप येतो, तर आधी सिकलसेलची तपासणी करा. सातपुड्यातल्या आदिवासींत हा आजार आढळतो, तो आईबापाकडून येतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताच्या साध्या चाचणीने संशय पडताळता येतो. निदानाचा कागद घरच्या कर्त्याला आशा ताईसमोर समजावून सांगा. गुरं मेली असतील तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या.

सोबत २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सांगा. कुणाला करणी करणारी ठरवून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार रुपये दंड. यासाठी ठाण्यात दक्षता अधिकारी असतो. नाव घेतलं गेल्याची कुजबुज कानावर आली त्याच दिवशी त्याला कळवा, पंचायत बसायची वाट पाहू नका.

तुरुंगातून माणूस परत येतो तेव्हा

सुटकेच्या आधी महिनाभर काम सुरू करा. रेशनकार्डावर नाव आहे का, आधार, बँक खातं चालू आहे का पाहा. एक शेतकरी आधी तयार ठेवा जो सालाने नाही तरी रोजाने काम देईल. मजुरी इतरांएवढीच आणि दर आठवड्याला. "याला कमी दिले तरी चालतं" हा विचार त्याला जुन्या लोकांकडे परत पाठवतो. सुटकेच्या दिवशी घ्यायला घरचं कुणीतरी जायलाच हवं, कारण एरवी जुने साथीदार येतात.

त्याची परीक्षा घेऊ नका. ओट्यावर मुद्दाम पैसे ठेवून पाहणारे लोक असतात; त्याला ते लगेच कळतं. आणि लगेच राखणीला किंवा तिजोरीजवळही ठेवू नका, कारण काही हरवलं तर पहिलं बोट त्याच्याकडे जाईल. साधं, चारचौघांतलं काम द्या: ठिबक बसवणं, घड वाहणं, टोळीत वेचणी.

तो परत आल्यावर गावात पुढची चोरी होणारच. त्या दिवशी काय करायचं हे आधी ठरवा, म्हणजे वही काढायची, ओळीने सगळी घरं घ्यायची, त्याच्या दारात त्याच्या क्रमानेच जायचं.

निर्दोष सुटला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि तीन छायाप्रती करा: एक घरी, एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक ग्रामपंचायतीत. अटकेची बातमी ज्या वार्ताहराने दिली त्याच्याकडेच सुटकेची बातमी घेऊन जा. सुटून आलेल्याची इच्छा असेल तर ग्रामसभेत चार ओळी वाचा. न्यायालयाने परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडलं असेल तर १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीचा अर्ज भरताना हे वकिलाकडून लिहून घ्या.

राहिली ती वही. तपास लागला की त्या पानावर निकाल लिहा. सहा महिने होऊनही लागला नाही तर 'पाहिलं' आणि 'ऐकलं' हे रकाने तसेच ठेवा, आणि 'वाटतं'च्या रकान्यातली नावं दोन साक्षीदारांसमोर काट मारून, वाचता येणार नाहीत अशी खोडून टाका. वही पुढच्या पोलीस पाटलाच्या हाती जाते.